शुक्रवार पेठेतलं जुनं घर घ्यायचंय. ओल आणि वाळवी कशी तपासू?

प्रश्न : कोल्हापुरात शुक्रवार पेठेत एक जुनं घर विकत घ्यायचं चाललंय. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि वर माडी. जोतं काळ्या दगडाचं, भिंती कच्च्या विटांच्या, दीड फूट जाड. खांब-तुळया लाकडाच्या, वर मंगलोरी कौलं. एप्रिलमध्ये दोनदा बघून आलो. घर कोरडं वाटलं, रंगही नुकताच दिलाय. माजघरात एका तुळईखाली मात्र भुसा पडलेला दिसला. मालक म्हणतात, वाळवीचं औषध मारून घेतलंय आणि 2019 च्या महापुरात पाणी गल्लीत आलं होतं, घरात नाही. इसार द्यायच्या आधी मी स्वतः काय काय बघू? की सरळ इंजिनिअरलाच घेऊन जाऊ?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : इंजिनिअर लागणारच, पण दुसऱ्या फेरीला. पहिली एक सकाळ तुम्ही स्वतः त्या घरात काढा. इंजिनिअर तासाभरात घराची ताकद सांगेल, पण पाणी कुठून येतं हे हुडकायला जो निवांतपणा लागतो तो त्याच्याकडे नसतो. तुमच्या खुणा आणि आकडे हातात असले तर तो नेमक्या जागी बघेल.

ओल आणि लाकडाची कीड ही दोन दुखणी वेगळी धरू नका. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही आणि लाकूड कुजत नाही. जमिनीतून चढणारी वाळवीही ओलाव्याशिवाय तग धरत नाही. त्यामुळे भुशाकडे बघून घाबरण्याआधी घरात पाणी कुठून शिरतं तेवढं शोधा. बिघडलेलं लाकूड बहुतेक त्याच वाटेवर सापडतं.

एप्रिलात घर कोरडंठाक दिसलं यातून फारसं काही सिद्ध होत नाही. एखादा वळीव सोडला तर छपराची, पश्चिमेच्या भिंतीची, खिडक्यांच्या कोपऱ्यांची परीक्षा अजून व्हायचीच आहे. पण उलटा विचार करा: भर उन्हाळ्यात एखाद्या भिंतीला ओल सापडली, तर ती पावसाची नव्हे. गटार, मोरी, फुटका पाइप, शेजाऱ्यांची न्हाणी किंवा खालची जमीन, यांपैकी काहीतरी बारमाही चालू आहे. उन्हाळ्यातली ओल ही पावसाळ्यातल्या ओलीपेक्षा वाईट समजा. आणि मध्येच वळीव पडला तर काम टाकून त्याच संध्याकाळी घर बघायला जा, अशी संधी पुन्हा मिळत नाही.

सामान थोडंच लागतं: जोरदार टॉर्च, चपला शिवायची आरी, छोटी हातोडी, मोजपट्टी, ओळंबा, दोन फूट चौरस जाड प्लास्टिकचे दोन तुकडे, चिकटपट्टी आणि दोन टोकांचा मॉइश्चर मीटर. आरी लाकडात खुपसायची आहे, तेव्हा मालकांची परवानगी आधी घ्या. मालक स्पष्ट नाही म्हणाले, तर तेही एक उत्तरच आहे.

सुरुवात बाहेरून करा. पेठांतल्या गल्ल्यांत दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा चढत गेला आणि घरांची जोती होती तिथंच राहिली. जोत्याचा काळा दगड रस्त्याच्या वर किती दिसतो ते मोजा. फूटभर किंवा जास्त असेल तर उत्तम. सहा इंचांपेक्षा कमी असेल तर पागोळ्यांचं पाणी रस्त्यावर आपटून थेट कच्च्या विटांवर उडतं. आणि उंबरा ओलांडून आत उतरावं लागत असेल, म्हणजे घरातली जमीन रस्त्याच्या खाली गेली असेल, तर ही गोष्ट तुम्ही कितीही पैसे घालून पूर्ण दुरुस्त करू शकणार नाही. रस्ता तुमच्या मालकीचा नाही.

मग गटार. भिंतीला लागून असेल तर त्यात दोन बादल्या पाणी ओता. ते पुढं सरकतं की तिथंच तुंबतं, की कुठल्या भेगेत गडप होतं, ते बघा. मागं परड्यात न्हाणीचं सांडपाणी कुठं जातं ते पाण्याच्या मागं मागं जाऊन तपासा. भिंतीच्या कडेला अळू किंवा कर्दळ ऐन एप्रिलात जोमानं वाढलेली दिसली तर तिथं सांडपाणी मुरतंय. भिंतीत पिंपळाचं रोप आलं असेल तर त्याच्या मुळाशी कायमचा ओलावा आहे, आणि मुळं तिथं फट रुंदावत असतात.

पेठेतल्या घरात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते सामाईक भिंतीकडे. तुमच्या माजघराच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी किंवा टाकी असू शकते. शेजाऱ्यांना विनंती करून पलीकडची बाजू बघाच. शेजारी नवीन आरसीसी बांधकाम झालं असेल तर दोन घरांमधली चार-सहा इंचांची फट बघा. तिच्यात पावसाचं पाणी पडतं, ऊन कधी पडत नाही, आणि दोन्हीकडून कुणाचा हात पोचत नाही. तोंडाशी पत्र्याची झाकपट्टी नसेल तर त्या भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं धोक्यात आहेत असंच धरून चला.

आता महापुराबद्दल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी धोका पातळीच्याही 10 फुटांहून अधिक वर गेलं होतं. मालकांनी 2019 चं सांगितलं. 2021 चं आणि 2005 चंही विचारा. शुक्रवार पेठेचा नदीकडचा उतार आणि वरचा भाग यांत फरक आहे, म्हणून पेठेचं नाव ऐकून निष्कर्ष काढू नका. घरातच खुणा शोधा. विजेचा मीटर आणि खालचे स्विचबोर्ड छातीच्याही वर हलवलेत का? आधीची जागा बुजवल्याचा चौकोन दिसतो का? भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या आतल्या बाजूला, जिन्याखाली, दाराच्या पाठीमागं, म्हणजे जिथं रंगारी हात फिरवत नाही तिथं, गाळाची आडवी रेष राहून जाते. ती गल्लीतल्या चार घरांशी ताडून बघा. पुरानंतर घरोघरी पंचनामे झाले होते. या घराचा झाला होता का हे विचारायला संकोच करू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेची खात्रीही करून घ्या, कारण पुढं पुन्हा बांधायची परवानगी मिळेल की नाही हे त्यावर ठरतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर भिंती कच्च्या विटांच्या आहेत. भाजलेली वीट भिजते आणि पुन्हा सुकते. कच्ची वीट दोन-चार दिवस पाण्यात उभी राहिली की तळाशी मऊ पडते आणि वरच्या वजनानं बाहेर फुगते. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी भिंती पडतात त्या यामुळेच. ओळंबा माडीच्या उंचीवरून सोडा आणि दर दोन फुटांवर भिंतीचं अंतर मोजून लिहून ठेवा. दहा फुटांत इंचभराहून जास्त पोट आलं असेल, किंवा खालच्या तीन फुटांत वेगळं, नवीन बांधकाम दिसत असेल, तर ती जागा इंजिनिअरला पहिल्यांदा दाखवा.

आत आल्यावर नवीन रंगाकडे बघायची एक पद्धत आहे. दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फोड, पोपडे, लांबीची (पुट्टीची) ठिगळं सगळं उठून दिसतं. अख्ख्या घराला रंग दिला असेल तर त्यात वावगं काही नाही. एकाच भिंतीला किंवा फक्त खालच्या चार फुटांना ताजा रंग, नवीन टाइल्स, पीव्हीसीची पॅनेल किंवा पीओपी असेल तर तिथं हातोडीच्या दांड्यानं टकटक करा. पोकळ आवाज आला म्हणजे गिलावा भिंतीपासून सुटलाय.

डागाचा आकार बरंच काही सांगतो. जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली ओल, वरची कड नागमोडी आणि तिथं पांढरा लोणा (क्षारांचा थर), असं असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. वरून खाली उतरलेले तपकिरी ओघळ छपराचे. मध्येच गोलसर डाग पाइपाचा. कपाटामागं, कोपऱ्यात काळी बुरशी पण भिंत फारशी ओली नाही, तर हवा खेळत नाही एवढंच. माजघरात हे हमखास होतं आणि त्याला खिडकी हेच औषध.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीच्या बाबतीत एक चूक घरोघरी झालेली दिसेल. ओल दिसली की खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा मारायचा. मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीत चढलेलं पाणी पूर्वी पृष्ठभागावरून उडून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली की पाणी आतल्या आत आणखी वर चढतं आणि चार फुटांच्या वर डोकं काढतं, किंवा थेट तुळईच्या टोकापर्यंत जातं. शिवाय भिंतीतले क्षार हवेतला दमटपणा शोषतात, त्यामुळे मूळ पाणी थांबलं तरी पावसाळ्यात तो पट्टा पुन्हा ओला दिसतो. सिमेंटचा पट्टा सापडला तर त्याच्या वरच्या कडेला आणि पलीकडच्या बाजूला बारकाईनं बघा.

मीटर वापरताना भिंतीवरच्या आकड्याला टक्के समजू नका. हे मीटर लाकडासाठी बनवलेले असतात. भिंतीवर ते फक्त कमी-जास्त सांगतात, आणि क्षार असले की आकडा फुगतो. म्हणून एका उभ्या रेषेत अर्धा, 1, 2, 3 आणि 4 फुटांवर आकडे घ्या, दर पाच-सहा फुटांवर अशी एक रेष, आणि कागदावर घराचा नकाशा काढून लिहा. खाली जास्त आणि वर कमी होत गेले तर ओल जमिनीतून. एकाच रेषेत मध्येच उसळी आली तर तिथं पाइप किंवा पलीकडची मोरी. लाकडावर मात्र आकडा खरा धरायचा. एप्रिलात घरातल्या लाकडात 20 च्या वर काहीही सापडलं तर ते पाण्याच्या संपर्कात आहे.

प्लास्टिकचा एक तुकडा संशयित भिंतीवर आणि एक फरशीवर, चारी कडा घट्ट चिकटवून, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतलं आहे.

आता लाकूड. इथं घाई करू नका. तुळईचा मधला, डोळ्यांसमोरचा भाग जवळपास नेहमीच चांगला असतो. बिघडतं ते टोक, जे भिंतीत सहा-नऊ इंच घुसलेलं असतं आणि कुणाला दिसत नाही. पश्चिमेच्या भिंतीतली, सामाईक भिंतीतली आणि मोरीवरची टोकं आधी घ्या. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो. टोकाच्या जितकं जवळ जाता येईल तिथं, खालच्या बाजूनं आणि दोन्ही कुशींनी आरी दाबा. चांगलं लाकूड आरीला अडवतं, आणि उचकटलं तर लांब चिरफळी निघते. कुजलेलं लाकूड आरी सहज पाव इंच आत घेतं आणि कटकन आखूड तुकडा मोडतं. जाड तुळईचा संशय असेल तर सुताराकडून 6 मिलिमीटरच्या ड्रिलनं भिंतीच्या दिशेला तिरकं भोक पाडून घ्या. निघणारा कीस कोरडा आणि फिकट हवा. काळपट, ओला किंवा पिठासारखा निघाला, किंवा ड्रिल एकदम आत गेलं, तर टोक गेलं.

खांबांचं दुखणं पायाशी. मूळ घरात खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जेणेकरून लाकडाला जमिनीचं पाणी लागू नये. पुढं शहाबादी आली, तिच्यावर टाइल्स आल्या, जमीन चार इंच चढली आणि तळखडा फरशीत गाडला गेला. आता रोज फरशी पुसली की पाणी थेट खांबाला लागतं. तळखडा दिसत नसेल तर खांबाच्या चारी बाजूंनी फरशीलगत आरी लावाच. दाराच्या चौकटींचे खालचे सहा इंच आणि न्हाणीची चौकटही तशीच तपासा.

तुळयांचा बाक मोजायला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत खालून दोरी ताणा. बारा फुटांच्या गाळ्यात अर्धा इंच बाक जुन्या लाकडात चालतो, त्यानं झोप उडवून घेऊ नका. इंचाच्या वर गेला, किंवा बाकाबरोबर टोकाशी भिंतीला तडा असेल, तर इंजिनिअर.

तुम्हाला दिसलेला भुसा कुणाचा आहे ते ठरवता येतं. बोटांत चोळला तर अजिबात खरखर न लागणारा मऊ भुसा आणि लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं, म्हणजे लाकूड पोखरणारा बारीक किडा. तो सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. बऱ्याचदा जुन्या सागवानी तुळईला नंतर मारलेली जंगली लाकडाची पट्टीच खाल्लेली निघते आणि लोक अख्खी तुळई बदलायला निघतात. अर्धा इंच किंवा मोठं भोक आणि खाली जाडसर लाकडाचे कण असतील तर तो भुंगा. आवाज फार, नुकसान थोडं. कीड चालू आहे का बघायला जमीन झाडून, तुळईखाली काळा कागद चिकटवून दोन आठवडे ठेवा. कागदावर नवीन भुसा पडला नाही तर बहुधा जुनी, मेलेली कीड आहे.

जमिनीतून येणारी वाळवी भुसा पाडतच नाही. ती मातीच्या नळ्या करून येते आणि लाकूड आतून खाते. भिंत आणि लाकूड जिथं भेटतं तिथं, लाकडी मीटरबोर्डामागं, फोटोंच्या चौकटींमागं, जिन्याच्या खालच्या पायरीखाली टॉर्च मारा. नळी सापडली तर इंचभर मोडा आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख घाला. तीन दिवसांत नळी पुन्हा जोडली गेली तर वाळवी जिवंत. मात्र रिकामी नळी म्हणजे वाळवी गेली असंही नाही, ती वाट बदलते.

औषध मारल्याचं म्हणणं तपासणं सोपं आहे. राहत्या घरात नीट काम करायचं तर जमीन आणि भिंत जुळतात त्या रेषेत दर फुटाला 12 मिलिमीटरचं भोक पाडून प्रत्येकात सुमारे एक लिटर द्रावण सोडतात आणि मग भोक बुजवतात. 10 बाय 12 च्या खोलीचा घेर 44 फूट. दारं वगळली तर 40 च्या आसपास भोकं आणि 40 लिटर द्रावण. पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेले ते ठिपके फरशीच्या कडेला दिसतात का? नसतील तर पंपानं फवारून वास तेवढा उठवलाय. बिलावर औषधाचं नाव, तारीख आणि हमीची मुदत हवी.

छपरासाठी भर दुपारी माळ्यावर जा आणि दारं लावून घ्या. उजेडाचे टिपके जिथं दिसतील तिथं कौल फुटलंय किंवा सरकलंय. त्याखालचे वासे-रिपा आणि आढ्याचं लाकूड तपासा. फुटकं कौल ही किरकोळ गोष्ट आहे, दर उन्हाळ्यात घर शाकारावंच लागतं. दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजलेली असेल तर मात्र खाली हमखास कुजलेलं लाकूड आहे.

सापडलेल्या गोष्टी किंमत ठरवताना सारख्या तोलू नका. भुसा, कौलं, एखाद-दुसरी चौकट: हा खर्च आहे, घासाघीस करून घर घ्या. तुळयांची दोन-चार टोकं गेली असतील तर ती कापून नवीन सागवान सांधता येतं किंवा पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळता येतात. सुताराचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम कमी करायला सांगा. टोक पुन्हा बसवताना भोवती अर्धा इंच हवा ठेवा, सिमेंटनं लिंपू नका. चढणारी ओल असेल तर सिमेंटचा गिलावा काढणं, बाहेरचं गटार पक्कं करणं, भिंत सुकू देणं आणि मग विरवलेल्या कळीच्या चुन्याचा गिलावा, हाच क्रम. सुकायला इंचाला महिना असा ढोबळ हिशोब धरतात; दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी नऊ महिने. तोवर वॉटरप्रूफ रंग विकायला येणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचा उपाय भाजक्या विटांसाठी आहे, कच्च्या विटांच्या भिंतीत त्यावर पैसे घालू नका. आणि जमीन रस्त्याच्या खाली, भिंतीला पोट आणि पुराची रेष, ही तिन्ही एकत्र सापडली तर फक्त जागेची किंमत द्या, घराची नाही.

इंजिनिअरला नेताना तुमचा नकाशा द्या आणि फक्त भिंतींची धारणशक्ती, तुळयांची टोकं आणि ओळंब्याचे आकडे यांवर लेखी मत मागा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते. या घराला कधी आली होती का, हेही मालकांकडून लिहून घ्या. इसार पावतीत दोन ओळी घाला: लेखी अहवालात खांब, तुळया किंवा भिंतींत बिघाड निघाला तर इसार परत, आणि खरेदीखत जुलैअखेर. म्हणजे तरण्या पावसात सलग तीन-चार दिवसांची झड लागल्यावर तुम्हाला तोच मीटर घेऊन त्याच रेषांवर पुन्हा आकडे घेता येतील. ही तारीख मालकांना मान्य नसेल तर इसाराची रक्कम जेवढी बुडाली तरी चालेल तेवढीच ठेवा.